मानसिकता आधी की मॅनेजर आधी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर कळेल. छपाईचा छोटा कारखाना, नऊ वर्षं झाली, अकरा माणसं कामाला. ऑर्डरी कमी नाहीत, तरी महिनाअखेरीला खात्यात काही उरत नाही. सकाळी आठ ते रात्री दहा तुम्ही तिथेच असता आणि दोन दिवस बाहेर गेलात तर फोन थांबत नाही. मित्र म्हणतो, आधी मानसिकता बदल. हिशेबनीस म्हणतात, चांगला मॅनेजर ठेवा. तुमच्या मनात मात्र कर्ज काढून दुसरं मशीन घ्यायचं आहे. यातलं आधी काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

गेली बावीस वर्षं मी छोट्या उद्योगांचे हिशेब आणि कारभार बघतो आहे. पहिली काही वर्षं फक्त वह्या तपासायचो. पुढे लक्षात आलं की वहीतला घोळ वहीत सुरू होत नाही, म्हणून मालकांच्या शेजारी बसून त्यांचा दिवस कसा जातो ते बघायला लागलो. तुमचं वाचून मला जे दिसतं ते असं: तुमचा धंदा तुमच्या डोक्यात चालतो. कुणाला काय भाव दिला, कुणाची उधारी किती दिवसांची, कुठला जॉब आज नाही गेला तर पार्टी तुटेल, कुठल्या कामगाराला किती उचल दिली, हे सगळं एकाच डोक्यात आहे. चार माणसं होती तेव्हा हीच तुमची ताकद होती. अकरा झाल्यावर तिथेच घोडं अडतंय. मानसिकता, मॅनेजर आणि मशीन हे तिन्ही सल्ले या अडलेल्या जागेच्या आजूबाजूला फिरतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. तुमच्या नेहमीच्या जॉबमध्ये कागद, प्लेट, शाई आणि बाहेरून करून घेतलेलं काम एवढा थेट खर्चसुद्धा निघत नसेल, तर आधी भाव सुधारा, बाकीचं नंतर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! कर्जाचे हप्ते थकले असतील, तर कर्ज देणाऱ्याशी बोलणं हे पहिलं काम आहे आणि ते लांबवू नका. आणि तुम्ही तीनच माणसं असता तर मी मॅनेजर हा शब्दही काढला नसता. या तिन्ही शक्यता बाजूला आहेत असं धरून पुढचं लिहितो.

मानसिकतेबद्दल मला एक तक्रार आहे. हा शब्द इतका वापरला जातो की त्याचा अर्थ ‘सकारात्मक विचार करा’ एवढाच उरलाय. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी जो फरक दाखवला तो याहून नेमका आहे. आपली कुवत ठरलेली आहे असं मानणारा माणूस चूक झाकतो, कारण चूक म्हणजे त्याला स्वतःवरचा निकाल वाटतो. कुवत वाढवता येते असं मानणारा चुकीकडे माहिती म्हणून बघतो. धंद्यात हा फरक रोज दिसतो. एक मालक तोट्यात गेलेल्या जॉबचा कागद फाडून टाकतो, दुसरा तो फायलीला लावून ठेवतो.

याचा पैशावर परिणाम होतो का? होतो, आणि तो मोजला गेलाय. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात, लोमे शहरात, 1500 छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीचं व्यवसाय-शिक्षण दिलं: हिशेब, विक्री, आर्थिक नियोजन. दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार कसा घ्यायचा ते शिकवलं: पुढचं बघणं, दुसऱ्यापेक्षा वेगळं काही करून बघणं, अडचण आली की वाट काढणं. तिसऱ्याला काहीच नाही. पुढची दोन वर्षं पाहणी केली, तेव्हा पुढाकार शिकलेल्यांचा नफा काहीच न शिकलेल्यांच्या तुलनेत सरासरी 30 टक्क्यांनी वाढलेला होता. नेहमीचं शिक्षण घेतलेल्यांची वाढ 11 टक्के होती आणि तीही संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येईल अशी नव्हती. 2017 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुमचा मित्र अगदीच हवेतलं बोलत नाहीये.

पण तुमच्या हिशेबनीसांच्या बाजूनेही तितकाच भक्कम पुरावा आहे. मुंबईजवळच्या कापड गिरण्यांमध्ये अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. काही गिरण्यांत सल्लागार पाठवून अगदी साध्या गोष्टी रुजवल्या: दोषांची रोज नोंद, सुताच्या साठ्याची यादी, मशीनची वेळेवर देखभाल, कोणाची जबाबदारी काय ते ठरवणं. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. तुमच्यापेक्षा त्या गिरण्या कितीतरी मोठ्या होत्या, तरी त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक म्हणजे, अनेक मालकांनी या पद्धती आधी वापरल्या नव्हत्या, कारण त्यांचा आपल्याला फायदा होईल असं त्यांना वाटतच नव्हतं. दुसरी, एखादी कंपनी किती मोठी झाली हे कारभाराच्या दर्जापेक्षा मालकाच्या घरात किती कर्ते पुरुष आहेत यावर जास्त ठरत होतं. बाहेरच्या माणसाच्या हातात कारभार द्यायला मालक तयार नव्हते, त्यामुळे घरातली माणसं संपली की वाढही संपायची.

काही वर्षांनी तेच संशोधक पुन्हा तिथे गेले. रुजवलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या. कारणं ओळखीची वाटतील: कारखान्याचा मॅनेजर बदलला, किंवा मालकाला वेळ उरला नाही. तरीही या गिरण्या इतरांपेक्षा पुढेच होत्या.

म्हणून ‘मानसिकता की व्यवस्थापन’ हा प्रश्न मला पटत नाही. मालकाने मनात काय ठरवलंय ते मला त्याच्या वहीत, गल्ल्यात आणि त्याच्या माणसांच्या वागण्यात दिसलं पाहिजे. तिथे दिसत नसेल तर ती नुसती इच्छा आहे. उलट, मालकाचं मन न बदलता आणलेली पद्धत माणूस बदलला की गळून पडते. दोन्ही एकाच वेळी, एका छोट्या सवयीपासून सुरू करावं लागतं. कुठल्या सवयीपासून, ते आता सांगतो.

पहिली सवय पैसे वेगळे ठेवण्याची. घरखर्चाच्या पैशांबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘लागेल तसे घेतो.’ या तीन शब्दांत तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुमच्या धंद्यात नफा होतो की नाही हे तुम्हाला आज माहीत असूच शकत नाही, कारण घरखर्च कुठे संपतो आणि धंद्याचा खर्च कुठे सुरू होतो याची रेघच नाही. ताळेबंद हातात आला की एक गोष्ट बघा: तुम्ही घातलेलं भांडवल देण्याच्या बाजूला लिहिलेलं असतं. बऱ्याच मालकांना हे उलटं वाटतं. ‘माझेच पैसे, मग ते देणं कसं?’ ते धंद्याचं तुम्हाला देणं आहे. धंदा वेगळा आणि तुम्ही वेगळे, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने हिशेबातली दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहिण्याची, पद्धत 1494 मध्ये व्हेनिसमध्ये छापून सगळ्यांसाठी खुली केली. तुम्ही छपाईवाले, म्हणून हे मुद्दाम सांगतो: ही शिस्त जगभर गेली ती छपाईमुळे.

डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या व्यावसायिकांच्या एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं आणि दुसऱ्या गटाला फक्त साधे ठोकताळे. त्यातला मुख्य ठोकताळा असा की घरचे आणि धंद्याचे पैसे दोन वेगळ्या खणांत ठेवा, आणि एकातून दुसऱ्यात घेतले तर चिठ्ठी टाका. रीतसर हिशेब शिकलेल्यांच्या वागण्यात फारसा बदल झाला नाही. दोन खणवाल्यांच्या सवयी सुधारल्या. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. संध्याकाळी दमलेला माणूस खतावणी उघडत नाही, खण मात्र उघडतो.

तेव्हा स्वतःला पगार ठरवा. तुमचंच काम करायला बाहेरचा माणूस ठेवला असता तर त्याला जेवढं दिलं असतं, साधारण तेवढा. तो ठरलेल्या तारखेला तुमच्या घरच्या खात्यात जाईल आणि त्यापलीकडे घेतलेला प्रत्येक पैसा ‘मालकाची उचल’ म्हणून लिहिला जाईल. कामगाराची उचल जशी लिहिता तशीच. तीन महिन्यांत तुम्हाला कळेल की धंदा तुमचा पगार काढू शकतो की नाही. हे उत्तर कधीकधी कडू असतं. मी ते ऐकून गप्प झालेले मालक पाहिलेत. पण त्यानंतरच त्यांनी भावाला हात घातला.

भावाचं गणित थोडं सविस्तर सांगतो, कारण छपाईत पाणी बहुतेक इथेच मुरतं. समजा एका जॉबचा भाव 100 आहे आणि थेट खर्च 75. हातात 25 उरतात. त्यातून पगार, भाडं, वीज, हप्ते आणि तुम्ही. पार्टीने घासाघीस केली म्हणून तुम्ही 10 टक्के सूट दिलीत. भाव 90 झाला, खर्च 75 च राहिला, हातात 15. आधी 100 जॉबमधून 2500 मिळायचे, आता तेवढेच मिळवायला 167 जॉब छापावे लागतील. सूट देताना आपण दहावा भाग सोडतोय असं वाटतं. प्रत्यक्षात उरणाऱ्या पैशातला चाळीस टक्के हिस्सा गेलेला असतो. आता उलट करून बघा. भाव 10 टक्के वाढवला तर हातात 35. मग तेच 2500 मिळवायला 72 जॉब पुरतात. म्हणजे शंभरातली अठ्ठावीस कामं तुटली तरी तुमचं नुकसान नाही, वर दगदग कमी. भाव वाढवायला मालक घाबरतो तेव्हा त्याने हे गणित कागदावर केलेलं नसतं.

यातच आणखी एक चूक लपलेली असते. खर्चावर 25 टक्के चढवले म्हणजे 25 टक्के सुटले असं नाही. 75 वर 25 टक्के चढवले की भाव 93.75 होतो आणि विक्रीच्या हिशेबाने सुटतात फक्त 20 टक्के. तुमचे कोटेशन काढणारे या दोन्हींपैकी कोणतं धरतात, ते आजच विचारून घ्या.

‘धंदा वाढतोय पण पैसा दिसत नाही’ या कोड्याचं उत्तर मात्र नफ्यात नसतं, ते दिवसांत असतं. तुमच्याकडे कागद सरासरी 20 दिवस पडून राहतो, जॉब 10 दिवस कारखान्यात फिरतो, पार्टी 60 दिवसांनी पैसे देते आणि कागदवाला तुम्हाला 30 दिवसांची मुदत देतो असं धरू. 20 अधिक 10 अधिक 60, वजा 30. ढोबळमानाने 60 दिवसांचा खर्च कायम तुमच्या खिशातून अडकलेला. रोजचा खर्च 100 असेल तर 6000 अडकले. काम दुप्पट झालं की 12000. हे वाढीव 6000 कुठून येणार? नफ्यातून, उधारीतून किंवा तुमच्या झोपेतून. चांगले चालणारे धंदे बुडताना मी पाहिलेत, ते बहुतेक असेच, ऑर्डर हातात असताना. आणि याच गणितात वसुली 60 वरून 45 दिवसांवर आणली तर कर्ज न काढता 1500 मोकळे होतात. नव्या पार्टीकडून कागदापुरता इसार घेतलात तर आणखी. वसुलीसाठी फोन करायला तुम्हाला संकोच वाटतो असं तुम्ही लिहिलंय. तो संकोच तुमचा आहे, पार्टीचा नाही. बिलावर तारीख लिहा, तारखेच्या तीन दिवस आधी आठवण जाऊ द्या, आणि ते काम तुमच्याऐवजी हिशेब बघणाऱ्या माणसाने करू द्या. ओळखीचा माणूस फोन करत नसला की पैसे मागण्यात राग-लोभ राहत नाही.

आता फोनकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका फर्निचर बनवणाऱ्या मालकाकडे मी गेलो होतो. तेही असंच म्हणायचे, ‘मी नसलो की काही हलत नाही.’ मी त्यांना शंभर पानी वही दिली आणि एकच गोष्ट सांगितली: आज जो कोणी तुम्हाला काही विचारायला येईल, त्याचा प्रश्न एका ओळीत लिहा, उत्तर लिहू नका. दोरीने पेन्सिल बांधून वही त्यांच्या टेबलावर ठेवली. संध्याकाळी दोन पानं भरून तिसऱ्यावर गेली होती. आम्ही दोघं शेजारी बसून रंगीत पेनाने सारख्या प्रश्नांना सारख्या खुणा करत गेलो. अर्ध्याहून जास्त ओळी चारच प्रश्नांच्या होत्या: आधी कुठलं काम घेऊ, एवढी सूट देऊ का, हा माल संपलाय तर मागवू का, आणि हे असं झालंय तर चालेल का. ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘हे तर त्यांना माहितीये.’ खरंच माहिती होतं. पण विचारल्याशिवाय केलं आणि चुकलं तर बोलणी बसतात, हेही माहिती होतं. म्हणून सगळे विचारत होते.

त्या चार प्रश्नांची उत्तरं आम्ही लिहून भिंतीवर लावली. कामाचा क्रम रोज सकाळी फळ्यावर. पाच टक्क्यांपर्यंत सूट विक्रीवाल्याने न विचारता द्यायची, त्यापुढे विचारायचं. कुठला माल किती उरला की मागवायचा त्याचा आकडा खणावरच चिकटवला. आणि ‘चालेल का’साठी एक चांगला आणि एक नापास नमुना शेजारी शेजारी टांगला. नियम लिहिणं सोपं होतं. अवघड गेलं ते पुढे, जेव्हा विक्रीवाल्या मुलाने मालकांनी स्वतः दिली नसती अशा पार्टीला चार टक्के सूट दिली आणि मालकांना गप्प बसावं लागलं. ते गप्प बसले. मानसिकता बदलणं म्हणतात ते मी त्या दुपारी पाहिलं. त्यांनी त्या मुलाला ओरडून नियम मोडला असता, तर दुसऱ्या दिवसापासून वही पुन्हा भरली असती.

याच ठिकाणी माझी एक चूक सांगतो. एका मालकाला मी मोठ्या कंपनीतला अनुभवी मॅनेजर घ्यायला लावला होता. माणूस हुशार होता, पगारही चांगला ठरवला. पण कुठले निर्णय त्याचे आणि कुठले मालकाचे, हे मी कागदावर आणलं नाही. त्याने सकाळी कामाचा क्रम लावायचा आणि मालकाने अकरा वाजता एका जुन्या पार्टीच्या फोनवर तो बदलायचा, तोही कामगारांसमोर. पाच महिन्यांत मॅनेजर गेला आणि मालकाचं मत पक्कं झालं की बाहेरची माणसं टिकत नाहीत. दोष त्या दोघांत नव्हता. मी आधी मालकाकडून निर्णय सोडवून घ्यायला हवे होते आणि मग ते घेणारा माणूस आणायला हवा होता. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय: आधी वही, मग कुठला निर्णय कुणाचा याची लिखित हद्द, मग कारखान्यातलाच अनुभवी माणूस त्या हद्दीत काम करून बघतो, आणि तो कमी पडला तरच बाहेरचा मॅनेजर. तुमच्याकडे नऊ वर्षं काम करणारे मशीनमन आहेत असं तुम्ही लिहिलंय. आधी त्यांच्याकडे बघा.

चुकांबद्दल थोडं. वरच्याच आकड्यांनी, एक जॉब खराब होऊन पुन्हा छापावा लागला की 75 पाण्यात, आणि ते भरून काढायला तीन चांगले जॉब फुकट छापावे लागतात. म्हणून चूक लवकर कळणं ही पैशाची बाब आहे. जपानच्या साकिची तोयोदा यांनी 1924 मध्ये आणलेला स्वयंचलित माग सूत तुटलं की आपोआप थांबायचा. त्यामुळे खराब कापड विणलं जात नसे. पुढे टोयोटाच्या कारखान्यांत हाच विचार माणसांना लागू झाला: काही बिघडलेलं दिसलं की कुणीही दोरी ओढून कळवायचं. तुमच्याकडे रंग हलकाभारी येतोय हे मशीनमनला पन्नासाव्या कागदालाच कळतं. तो मशीन थांबवतो की पाच हजार होऊ देतो, हे मागच्या वेळी थांबवल्यावर त्याला काय ऐकावं लागलं यावर ठरतं. वाईट बातमी आणणाऱ्याला आधी ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणायचं आणि मग का झालं ते विचारायचं, एवढी एक सवय लावून घ्या. सुरुवातीला जिभेवर येणार नाही.

मुदतींचं सांगायचं तर, बहुतेक माणसं स्वतःच्या कामाला कमी वेळ धरतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये या चुकीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ (नियोजनातली चूक) असं नाव दिलं, आणि 1994 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध पुरा करायला सरासरी 34 दिवस लागतील म्हणून सांगितलं, लागले 55 च्या वर. उपाय एकच: मुदत देताना या जॉबकडे बघू नका, असेच मागचे पाच जॉब प्रत्यक्षात किती दिवसांत गेले ते बघा.

हे सगळं टिकवायला आठवड्यातून एक तास लागतो, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, फोन दुसऱ्याच्या हातात देऊन. एका पानावर पाच गोष्टी: खात्यात आज किती, मुदत उलटलेली येणी किती आणि कुणाची, येत्या तेरा आठवड्यांत कुठल्या आठवड्यात किती येणार आणि किती जाणार, या आठवड्यात पुन्हा छापावे लागलेले जॉब, आणि मागच्या आठवड्यात ठरवलेलं काय झालं नाही. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. पैशाची तंगी एवढ्या लांबून दिसली तर काहीतरी करता येतं, चार दिवस आधी दिसली तर फक्त धावपळ होते. पहिले दोन महिने हे पान चुकीचंच निघेल. निघू द्या, पुढच्या आठवड्यात दुरुस्त करा. हा तास रविवारी घरी बसून करू नका. तो कामाच्या दिवशी, कामाच्या जागी झाला तर माणसांना कळतं की हेही काम आहे. आणि तुमचा चौदा तासांचा दिवस हा अभिमानाचा विषय समजू नका. रात्री नऊनंतर दिलेले भाव एकदा वेगळे काढून बघा. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठ्या सवलती त्या वेळच्या असतात.

आतापर्यंतचं थोडक्यात: या महिन्यात स्वतःचा पगार आणि दोन खाती, एक दिवस प्रश्नांची वही, आणि आठवड्याचा एक तास. पुढच्या महिन्यात चार लिखित हद्दी, भावाचं गणित आणि वसुलीच्या तारखा. मॅनेजरचा विचार सहा महिन्यांनी.

राहिला दुसऱ्या मशीनचा प्रश्न. कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी दोन आठवडे एक काम करा. आहे त्या मशीनजवळ एक तक्ता लावा आणि मशीन थांबलं की का थांबलं आणि किती मिनिटं, हे मशीनमनला लिहायला सांगा. कारणं ठरलेली असतील: प्लेट नाही, कागद नाही, बिघाड, माणूस नाही, प्रूफ (छपाईआधी तपासायचा नमुना) मंजूर नाही. तुम्ही लिहिलंय की प्रत्येक प्रूफ पार्टीकडे जाण्याआधी आणि परत आल्यावर तुमच्या नजरेखालून जातं, आणि तुम्ही ते मोबाइलवर जमेल तेव्हा बघता. माझा अंदाज आहे की शेवटच्या रकान्यात सगळ्यात जास्त मिनिटं जमतील. तसं निघालं तर दुसरं मशीनही त्याच मंजुरीची वाट बघत उभं राहील, आणि त्याचा हप्ता मात्र चालू असेल. तसं नाही निघालं, मशीन खरोखरच दिवसभर चालत असेल आणि तरी काम परत जात असेल, तर मशीन घ्यायला हरकत नाही. पंधरा दिवसांनी तो तक्ता इथे टाका, आपण मिनिटांची बेरीज करून बघू.